कायदा आणि आपण : मजुरीतला फरक आणि समेट

प्रश्न : आमच्या गावाजवळच्या जिनिंगमध्ये बाया आणि पुरुष मिळून जिनवर कापूस टाकतो. पाळी एकच, काम एकच, तरी पुरुषांना रोजी शंभर रुपये जास्त मिळते. आम्ही विचारले तेव्हा मालक म्हणाले, "तर मग त्यांचीही रोजी कमी करतो." आता 'ऑफिसात बसून मिटवून टाकू' असा निरोप आला आहे. आमच्यापैकी एकीला मुनीम घाणेरडे बोलतो, तेही त्यातच मिटवावे, असे म्हणतात. काय करावे?
— एक वाचक भगिनी, ता. हिंगणघाट, जि. वर्धा

उत्तर : बोलणी जरूर करा, पण सगळ्यांनी मिळून अर्ज देऊन, कामगार खात्याच्या समेट अधिकाऱ्यासमोर. मालकाच्या ऑफिसात झालेला करार फक्त सही करणाऱ्यांना बांधतो. समेट अधिकाऱ्यासमोर झालेला करार त्या कारखान्यातल्या सर्व कामगारांना, अगदी नंतर कामाला लागणाऱ्यांनाही लागू होतो. दर हंगामाला नव्या बाया येणाऱ्या जिनिंगमध्ये हा फरक फार मोलाचा आहे.

पुरुषांची रोजी कमी करण्याची धमकी पोकळ आहे. बरोबरी साधण्यासाठी कोणाचीही मजुरी घटवण्यास १९७६ च्या समान वेतन कायद्याने मनाई केली होती आणि २०१९ च्या वेतन संहितेतही ती कायम आहे. 'पुरुष गाठीही उचलतात' हा बचाव मात्र हमखास येईल. कौशल्य, श्रम, अनुभव आणि जबाबदारी सारखी आहे का, एवढेच तिथे पाहिले जाते. तेव्हा गाठी उचलायला वेगळे हमाल असतील, तर ते अर्जातच लिहा.

अधिकारी निवाडा देत नाही, तो फक्त जुळवून आणतो. म्हणून करारात नवा दर कोणत्या तारखेपासून, मागचा फरक प्रत्येकीला किती व केव्हा, आणि पुढच्या हंगामात तक्रारदार बायांना कामावरून डावलणार नाही, हे स्पष्ट हवे. 'सलोख्याने काम करू' अशा वाक्यावर अंगठा देऊ नका.

मुनीमाची तक्रार यात मुळीच मिसळू नका. तिला कामाच्या ठिकाणी होणाऱ्या लैंगिक छळाविरुद्धचा २०१३ चा वेगळा कायदा आहे. त्यात चौकशीपूर्वी समेट होतो, पण केवळ त्या बाईने मागितला तरच, आणि पैसे हा त्याचा आधार असू शकत नाही. दहा किंवा अधिक कामगार असतील, तर कारखान्यात अंतर्गत समिती असायलाच हवी. ती नसेल किंवा तक्रार खुद्द मालकाविरुद्ध असेल, तर जिल्ह्याच्या स्थानिक समितीकडे जावे. तक्रार लेखी हवी आणि शेवटच्या प्रसंगापासून तीन महिन्यांच्या आत द्यावी. सबळ कारण असल्यास समिती आणखी तीन महिने वाढवून देऊ शकते.