बार्बाडोसमध्ये फिरायचं कसं? बस, झेडआर, टॅक्सी की भाड्याची गाडी

29 जून 2024 ला बार्बाडोसच्या राजधानीत, ब्रिजटाउनच्या केन्सिंग्टन ओव्हलवर भारताने टी-ट्वेन्टी वर्ल्ड कप जिंकला आणि या कॅरिबियन बेटाचं नाव आपल्याकडे घरोघरी पोचलं. ‘वाचक विचारतात’मध्ये या वेळी ठाणे आणि नवी मुंबईतून आलेले, या बेटावर फिरण्याबद्दलचे प्रश्न घेतले आहेत.

प्रश्न : आम्ही दोघं साठीच्या पुढचे. हेस्टिंग्ज भागात आठ दिवस मुक्काम आहे. मुलगा म्हणतो, पूर्ण आठवडा गाडी भाड्याने घ्या. ट्रॅव्हलवाला म्हणतो, रोज टॅक्सी सांगा. काय करावं? (घोडबंदर रोड, ठाणे)

दोघांचंही पूर्ण ऐकू नका. बेट जेमतेम 34 किलोमीटर लांब आणि 23 किलोमीटर रुंद आहे, म्हणजे ठाण्याहून पनवेल गाठावं एवढीच लांबी. त्यातही हेस्टिंग्ज दक्षिण किनाऱ्याच्या मुख्य रस्त्यावर, हायवे 7 वर आहे. तिथून ब्रिजटाउन काही किलोमीटरवर, आणि दुसऱ्या बाजूला वर्दिंग, सेंट लॉरेन्स गॅप, ऑइस्टिन्स ही सगळी गावं ओळीने त्याच रस्त्यावर. दिवसभर बस आणि व्हॅन चालू असतात. इथे गाडी घेतली तर तिचं मुख्य काम पार्किंग शोधणं हेच उरतं.

पश्चिम किनाऱ्यावरचे होलटाउन आणि स्पाइट्सटाउनही बसने सहज होतात. फक्त ब्रिजटाउनमध्ये बस बदलावी लागते. दक्षिण आणि पूर्वेच्या सरकारी बस फेअरचाइल्ड स्ट्रीटवरून सुटतात, तर पश्चिम आणि उत्तरेच्या प्रिन्सेस अ‍ॅलिस टर्मिनलवरून. दोन्ही टर्मिनल शहराच्या दोन टोकांना आहेत. मधलं अंतर ब्रॉड स्ट्रीटवरून रमतगमत पंधरा-वीस मिनिटांत चालून होतं, पण दुपारच्या उन्हात नको.

गाडी लागते ती पूर्वेला आणि उत्तरेला. बॅथशेबा, चेरी ट्री हिल, सेंट निकोलस अ‍ॅबी, उत्तर टोकाची अ‍ॅनिमल फ्लॉवर केव्ह ही ठिकाणं एका दिवसात जोडायची तर बसच्या वेळा जुळत नाहीत. बॅथशेबाला बस जाते, पण फेऱ्या कमी. एक चुकली की अर्धा दिवस गेला. तेव्हा मधले दोनच दिवस गाडी घ्या किंवा तेवढ्यापुरती दिवसभराची टॅक्सी ठरवा. बाकी सहा दिवस बस.

प्रश्न : बस निळ्या, पिवळ्या आणि पांढऱ्या अशा तीन रंगांच्या असतात म्हणे. फरक काय? सुट्टे पैसे लागतात का? ज्येष्ठ नागरिकांना सवलत आहे का? (नेरूळ)

निळी बस सरकारी, ट्रान्सपोर्ट बोर्डाची. तिच्यावर पिवळा पट्टा असतो. पिवळी, निळ्या पट्ट्याची ती खासगी मिनीबस. पांढरी, किरमिजी पट्ट्याची छोटी व्हॅन म्हणजे झेडआर. तिच्या नंबरप्लेटवरच ही दोन अक्षरं असतात, म्हणून नाव तेच पडलं. भाडं तिन्हींचं एकच : 3.50 बार्बाडोस डॉलर, कुठेही उतरा. दोन बार्बाडोस डॉलर म्हणजे एक अमेरिकन डॉलर हा दर 1975 पासून बांधलेला आहे. दोघांचं जाऊन-येऊन भाडं 14 बार्बाडोस डॉलर, म्हणजे 7 अमेरिकन डॉलर होतं. टॅक्सीचा विचार करणाऱ्यांनी हा आकडा आधी लिहून ठेवावा.

सुट्ट्या पैशांचं नीट ऐका. निळ्या बसमध्ये पैसे पेटीत टाकायचे असतात आणि बाकी परत मिळत नाही. दहाची नोट टाकली तर ती गेली. दोन डॉलरची नोट, एक डॉलरचं सात बाजूंचं नाणं आणि पंचवीस सेंटची दोन नाणी मिळून बरोबर 3.50 होतात, असा एकेक जोड आदल्या रात्रीच पाकिटात वेगळा काढा. मिनीबस आणि झेडआरमध्ये कंडक्टर किंवा ड्रायव्हर सुट्टे देतो, पण शंभराची नोट पुढे केलीत तर तोंड वाकडं होणारच.

थांबा म्हणजे खांबावरची लाल-पांढरी गोल पाटी. तिच्यावर ‘टू सिटी’ किंवा ‘आउट ऑफ सिटी’ लिहिलेलं असतं. ब्रिजटाउनकडे जायचं तर पहिली, शहराबाहेर जायचं तर दुसरी. वाहनं आपल्यासारखीच डाव्या बाजूने चालतात, त्यामुळे रस्त्याची बाजू चुकत नाही. नवखे चुकतात ते दुसऱ्याच गोष्टीत : थांब्यावर नुसतं उभं राहून बस थांबत नाही. हात पुढे करायचा, आणि ड्रायव्हरला दिसेल असा, वेळेत करायचा.

झेडआर भरधाव, गाणी मोठ्याने, आणि ‘अजून एक बसेल’ या तत्त्वावर चालते. लोकलमध्ये चौथी सीट मिळवणाऱ्यांना गर्दीचं काही वाटणार नाही, वेगाचं वाटेल. कंबरेचा किंवा मणक्याचा त्रास असेल तर एखादी व्हॅन सोडून निळ्या बसची वाट बघा. मोठी बॅग घेऊन तर झेडआरमध्ये चढूच नका, ठेवायला जागा नसते.

ज्येष्ठांना निळ्या बसमध्ये मोफत प्रवास आहे, पण तो तिथल्या नागरिकांसाठी. आपलं आधार कार्ड दाखवून काही होणार नाही.

प्रश्न : भारतीय लायसन्सवर गाडी मिळते का? इंटरनॅशनल परमिट काढावं का? (खारघर)

मिळते, पण त्यावर तिथलं व्हिजिटर परमिट घ्यावं लागतं. दोन महिन्यांपर्यंतच्या परमिटला 10 बार्बाडोस डॉलर लागतात. गाडी देणारेच लायसन्स बघून ते बहुधा काउंटरवर करून देतात. मूळ स्मार्ट कार्ड जवळ हवं. डिजिलॉकरमधलं लायसन्स तिथे चालेल असं धरून जाऊ नका. मुदतीची तारीखही आत्ताच बघा.

इंटरनॅशनल परमिट काढून ठेवलेलं बरं. परिवहनच्या सारथी पोर्टलवर अर्ज करायचा, शुल्क 1000 रुपये, मुदत एक वर्षाची. तुम्ही राहता त्या भागाच्या आरटीओकडेच ते मिळतं. मूळ लायसन्सशिवाय त्याला किंमत नाही, म्हणून दोन्ही एकत्र ठेवा.

जास्त अडचण होते ती कार्डाची. डिपॉझिटसाठी क्रेडिट कार्ड लागतं, आणि ते गाडी चालवणाऱ्याच्याच नावाचं लागतं. लायसन्स नवऱ्याचं आणि कार्ड बायकोचं, असं असेल तर काउंटरवर घोडं अडतं. 2020 पासून आपल्याकडची नवी कार्डं परदेशी व्यवहारांसाठी मुळात बंदच असतात. बँकेच्या अ‍ॅपमध्ये जाऊन ते चालू करा आणि मर्यादाही वाढवून घ्या. फक्त रुपे कार्ड असेल तर बुकिंगआधीच कंपनीला मेल करून विचारा.

गाडी ताब्यात घेताना चारही बाजू, चारही रिम, स्टेपनी आणि पेट्रोलचा काटा यांचा सलग व्हिडिओ काढा. टायर आणि काचा बऱ्याचदा साध्या विम्यात धरलेल्या नसतात, आणि आतल्या रस्त्यांवर कडेच्या खड्ड्याने पहिला फटका टायरलाच बसतो. विमा उतरवताना ‘टायर धरलाय का?’ हा एक प्रश्न तरी विचाराच. मिनी मोक ही छोटी उघडी गाडी फोटोत छान दिसते, पण तिला दारं नाहीत, सामान बंद करून ठेवता येत नाही आणि सर आली की सगळेच भिजतात. समुद्रकिनाऱ्यापुरती ठीक.

भाड्याच्या गाडीची नंबरप्लेट ‘एच’ने सुरू होते. त्यामुळे तुम्ही पाहुणे आहात हे सगळ्यांना कळतं आणि लोक जरा सांभाळून घेतात. एबीसी हायवे या बेटावरच्या मोठ्या रस्त्यावर ताशी 80 किलोमीटरची मर्यादा आहे, इतरत्र त्याहून कमी. त्या हायवेवर एकामागून एक राउंडअबाउट, म्हणजे गोल चौक येतात. उजवीकडून येणाऱ्याला आधी जाऊ द्यायचं. आपल्याकडे नाक घालेल तो पहिला, ही सवय तिथे धोक्याची. आतल्या रस्त्यांवर ऊस उभा असताना वळणापलीकडचं काही दिसत नाही, तेव्हा वेग उतरवा आणि छोटा हॉर्न द्या. वर्षभर संध्याकाळी साडेपाच ते साडेसहाच्या दरम्यान सूर्य मावळतो, आणि लगेच अंधार पडतो. पूर्व किनाऱ्यावरून चारपर्यंत निघा.

अपघात झाला तर गाडी हलवण्याआधी पोलिसांना 211 वर फोन करा. अ‍ॅम्ब्युलन्स 511, अग्निशमन 311. पोलिसांचा रिपोर्ट नसेल तर विम्याचा दावा अडतो.

प्रश्न : एअरपोर्टवरून टॅक्सी घ्यावी का? मीटर असतो का? (ऐरोली)

पहिल्या दिवशी सामानासकट टॅक्सीच घ्या. मीटर नसतो, भाडी ठरलेली असतात. अधिकृत टॅक्सीची नंबरप्लेट ‘झेड’ने सुरू होते. दार उघडण्याआधी आकडा ठरवा आणि लगेच विचारा, ‘बार्बाडोस डॉलर की यूएस?’ दोन्ही चलनं सर्रास चालतात. न विचारता ‘फॉर्टी’ला मान डोलावलीत आणि उतरताना तो यूएस निघाला, तर भाडं दुप्पट झालं. भांडायलाही मग काही उरत नाही. शक्य तो बार्बाडोस डॉलरमध्येच ठरवा, आणि उरलेले परतीच्या आधी संपवा. ठाण्यात ते कोणी बदलून देणार नाही.

प्रश्न : ऑगस्टच्या पहिल्या आठवड्यात जातोय, मुलं बरोबर आहेत. काही वेगळं लक्षात ठेवायचं का? (कळवा)

ऑगस्टच्या पहिल्या सोमवारी ग्रँड कडूमेंट, म्हणजे क्रॉप ओव्हर उत्सवाची मोठी मिरवणूक असते. ब्रिजटाउनच्या बाजूचे रस्ते बंद होतात. त्या दिवशीचं विमान असेल तर टॅक्सी आधीच सांगून ठेवा आणि नेहमीपेक्षा दोन तास लवकर निघा. जून ते नोव्हेंबर हा चक्रीवादळांचा हंगाम, म्हणून गाडीचं बुकिंग फुकट रद्द होणारं घ्या. शुक्रवारी रात्री ऑइस्टिन्सला मासे खायला अख्खं बेट लोटतं; तिथे गाडी नेऊ नका, बसने जा.

मुलांच्या बॅगेतून मिलिटरी डिझाइनचे टी-शर्ट, टोप्या, पँट आत्ताच काढा. सामान्य माणसाने लष्करी छापाचे कपडे घालणं बार्बाडोसमध्ये कायद्याने बंद आहे, आणि यात लहान मुलंही आली.