कप डाव्या हाताने घेतलास म्हणून

प्रिय बेटा,
अनेक आशीर्वाद.

परवा रामबागेत घरी आलीस तेव्हा काकूने पुढे केलेला चहाचा कप तू डाव्या हाताने घेतलास. तुझ्या बाबांसमोर मी काही विचारलं नाही. रात्री त्यांचाच फोन आला. सहा आठवडे तुझं उजवं कोपर दुखतंय, एका क्लिनिकने पीआरपीच्या, म्हणजे स्वतःच्याच रक्तातून बनवलेल्या, तीन इंजेक्शनांचं पॅकेज सांगितलंय आणि पैशांची जुळवाजुळव चालली आहे. फोनवर तू "हो काका" म्हणून मोकळी होतेस, म्हणून लिहून पाठवतोय. हे पॅकेज आत्ता घेऊ नकोस.

कोपराच्या बाहेरच्या बाजूचं हाड चाचपून बघ. मनगट मागे उचलणारे स्नायू तिथूनच निघतात. बॅडमिंटनमध्ये बॅकहँडला तू रॅकेट आवळून मनगट झटकतेस, तेव्हा ताण थेट त्या स्नायूंना हाडाशी जोडणाऱ्या टेंडनवर येतो. लोक सूज आली म्हणतात, पण रेंगाळलेल्या दुखण्यात सूज फारशी नसतेच. दोरीच्या पेडांसारखे एका दिशेने असायला हवेत ते धागे विस्कटलेले असतात. म्हणून गोळीने ठणका दबतो, पण टेंडन तसाच राहतो.

2004 साली सचिनच्या डाव्या कोपराचं बिनसलं आणि टेनिस एल्बो हे तुझ्या या दुखण्याचं नाव घराघरांत पोचलं. पुढच्या वर्षी त्याचं लंडनला ऑपरेशन झालं, तेच आठवून बाबा घाबरलेत. त्यांना सांग, दहातल्या आठ-नऊ जणांचं कोपर वर्षभरात ऑपरेशनशिवाय बरं होतं.

पीआरपीत तुझंच थोडं रक्त काढतात, यंत्रात फिरवून प्लेटलेटचा दाट भाग वेगळा करतात आणि टेंडनमध्ये सोडतात. प्लेटलेटमधल्या घटकांनी थंडावलेली दुरुस्ती पुन्हा सुरू व्हावी, असा हेतू. टेनिसपटू नदालनेही गुडघ्यांसाठी हा उपाय घेतला होता. मलाही यातून खूप आशा होती. पण 2021 मध्ये कोक्रेन या वैद्यकीय अभ्यास पारखणाऱ्या संस्थेने 32 अभ्यास एकत्र करून तपासले, तेव्हा कोपराच्या या दुखण्यात औषध नसलेल्या खोट्या इंजेक्शनपेक्षा मोलाचा फायदा दिसला नाही. म्हणून पाच-सहा महिने मन लावून व्यायाम करूनही कोपर अडून बसलं, तरच याचा विचार करू. तेव्हा सोनोग्राफीत बघत सुई घालणारे डॉक्टर शोधू, मी सोबत येईन. आणि कुणी स्टेम सेलचं नाव काढलं तर सरळ उठून ये. भारतीय वैद्यकीय संशोधन परिषदेच्या (आयसीएमआर) 2017 च्या नियमांप्रमाणे असल्या दुखण्यावर ते फक्त रीतसर संशोधनाच्या चाचणीतच देता येतं.

स्टेरॉइडचं इंजेक्शन तर नकोच. तुझ्यापेक्षा थोडा मोठा असताना स्पर्धेच्या चार दिवस आधी मी ते घेतलं होतं. तिसऱ्या दिवशी दुखणं गायब झालं, मी तिन्ही मॅच जिंकलो आणि घरी सगळ्यांना तो हात दाखवत फिरलो. तीन महिन्यांनी दाराची कडी उघडेना. पुढचा अख्खा सीझन मी गॅलरीत बसून काढला. नंतरच्या अभ्यासांतही तेच दिसलं: सहा आठवड्यांना छान, वर्षाला इतरांपेक्षा वाईट. शिवाय 2022 पासून स्पर्धेच्या काळात ते डोपिंगच्या बंदीत येतं.

आता काम. हात टेबलावर ठेव, मनगट कडेच्या बाहेर, तळवा खाली, मुठीत एक किलोचं डंबेल. डाव्या हाताच्या मदतीने मनगट वर घे आणि उजव्याने एकट्याने, चार आकडे मोजत, हळूहळू खाली सोड. असं पंधरा वेळा, तीनदा, दिवसाआड. दहापैकी तीनपर्यंत दुखलं तर चालेल, पण दुसऱ्या सकाळी ते उतरलेलं हवं. नाही उतरलं तर वजन कमी कर. बारा आठवडे लागतील, आणि चौथ्या-पाचव्या आठवड्यात तुला वाटेल की काहीच होत नाहीये. तेव्हा सोडू नकोस, बेटा. टेंडन सावकाशच बदलतो. त्याला बळ येतं ते पेललेल्या भाराने, निव्वळ आरामाने नाही. खांद्याचे व्यायामही सोबत कर, खांदा थकला की त्याचं काम मनगट उचलतं. बोटं सुन्न पडली किंवा मान दुखायला लागली तर मात्र आधी डॉक्टर.

खेळणं बंद करायचं नाही. महिनाभर स्मॅश आणि जोरकस बॅकहँड बाजूला, नेटजवळचा खेळ आणि फुटवर्क चालू. रॅकेटच्या तारांचा ताण, गटिंग, 28 पाउंडांवर घेतेस ना? 24 वर आण. ग्रिपवर आणखी एक पट्टी चढव, तुझी मूठ फार आवळलेली असते.

रविवारी सकाळी रॅकेट आणि क्लिनिकचे कागद घेऊन ये. बाबांनाही आण, पोहे इथेच खाऊ. डंबेल घेऊ नकोस, माझं एक किलोचं कपाटात पडून आहे.

तुझा,
काका