नागपूरजवळ तलावाकाठी वीकेंडसाठी फार्महाऊसचा प्लॉट घ्यावा का? खिंडसी बरं की झिल्पी?

घेऊ नका. खिंडसी की झिल्पी हा नंतरचा प्रश्न आहे. तोच आधी डोक्यात भरवणं ही लेआउटवाल्यांची खुबी.

माझ्या साडूंनी असाच प्लॉट घेतला. तलावाचं नाव सांगत नाही, तेही इथे वाचतात. साइट दाखवली पोळ्याच्या सुमारास. तलाव काठोकाठ, पाणी तारेच्या कुंपणापासून चार पावलांवर, पलीकडे हिरव्यागार टेकड्या. 'लेक टच' म्हणून रेटही वेगळा. मी सोबत होतो. एवढंच विचारलं, "मे महिन्यात पाणी कुठपर्यंत राहते?" बारशात मयताची गोष्ट काढावी तसे सगळे माझ्याकडे बघायला लागले. घरी आल्यावर साडूंनी माझ्या बायकोसमोर ऐकवलं, "तुम्ही जन्मभर भाड्याच्या बोटीतच बसा."

घर बांधून झालं, अक्षय्य तृतीयेला वास्तुशांती ठेवली. पाणी बघायला गच्चीवर चढावं लागलं. मधे भेगाळलेला चिखल, बेशरमाची झुडपं, आणि बरोबर 'लेक टच'च्या पुढ्यात एक जण इंजिन लावून काकडीच्या वेलांना पाणी देत होता. साडू तावातावाने त्याला हाकलायला गेले. तो म्हणाला, "साहेब, ही गाळपेर आहे. पाटबंधारेवाल्यांकडून घेतली मी." पाणी उतरल्यावर उघडी पडणारी जमीन खातं हंगामापुरती कसायला देतं, हे साडूंना तिथे कळलं. कुंपणाबाहेरचा काठ सरकारचा. मी त्याच्याकडून दोन किलो काकड्या घेतल्या आणि पंगतीत कोशिंबीर करायला लावली. पाहुण्यांना आवडली.

आपल्याकडचे बहुतेक तलाव सिंचनासाठी नाहीतर पिण्याच्या पाण्यासाठी बांधलेले आहेत. खिंडसी म्हणजे इंग्रजांच्या काळात सूर नदी अडवून केलेला जलाशय. धानाला पाणी सोडायची वेळ आली की सोडणारच, तुमच्या गॅलरीतल्या चहासाठी पातळी कोण राखून ठेवणार?

कागदांचं थोडक्यात सांगतो. विदर्भातही शेतजमीन घ्यायला तुम्ही शेतकरी असावं लागतं. एन.ए. (शेतजमीन बिगरशेतीसाठी वापरायची परवानगी) 'प्रोसेसमध्ये आहे' म्हणजे झालेलं नाही. आणि दहा-पंधरा जणांची नावं एकाच सातबाऱ्यावर सामाईक चढवत असतील तर तिथूनच परत फिरा. तुकडेबंदीचं, म्हणजे शेतजमिनीचे बारीक तुकडे पाडायला मनाई करणाऱ्या कायद्याचं, वकिलाला विचारा, विकणाऱ्याच्या वकिलाला नाही.

पोरं घेऊन जाणार असाल तर आणखी एक. २०१७ च्या जुलैमध्ये वेणा जलाशयात नाव उलटून तरुण पोरं गेली, झिल्पीलाही लोक बुडालेत. वरून संथ दिसणाऱ्या पाण्याखाली गाळ किती आहे ते काठावरून समजत नाही. आणि पाणी कुंपणाबाहेरच राहील असंही धरू नका. २३ सप्टेंबर २०२३ च्या पहाटे नागपुरातला अंबाझरी तलाव ओव्हरफ्लो झाला तेव्हा खालच्या ले-आउटमधल्या लोकांच्या पलंगापर्यंत पाणी आलं होतं, आणि ती तर भर शहरातली वस्ती.

आता उरलेला अर्धा प्रश्न. फिरायला जायचं तर खिंडसी. पन्नासेक किलोमीटर, बोटिंग आहे, राहायला खोल्या मिळतात, येताना रामटेकचं दर्शन होतं. झिल्पी जवळ आहे, संध्याकाळपुरती ठीक.

घरात शेतकरी दाखला आहे, पैसा पडून आहे आणि मुक्कामी चौकीदार ठेवायची ऐपत आहे, अशांना माझं म्हणणं लागू नाही. हिवाळ्यात तिथे रोडग्यांची पार्टी मस्त होते, तेवढं मी मान्य करतो. पण बघायला जाल तर मे महिन्यात भर दुपारी जा, लेआउटवाल्याला न सांगता. साडूंचा प्लॉट सध्या विकायला आहे. दाखवतात मात्र पोळ्यानंतरच.