तार तबलीला ओढते की दाबते?

प्रश्न: हार्प आणि लायर चित्रांत मला सारखीच दिसतात. मग फरक कुठे? हार्पला घोडी (तारा टेकतात ती पट्टी) दिसत नाही, तर तारांचा आवाज तबलीपर्यंत, म्हणजे पेटीवरच्या पातळ फळीपर्यंत, पोचतो कसा? आणि हार्पच्या काही तारा लाल-काळ्या का असतात?

उत्तर: मी तंतुवाद्यं दुरुस्त करतो. कुठलंही वाद्य हातात आलं की आधी तार तबलीला कुठे भेटते ते बघतो. तुमच्या पहिल्या दोन्ही प्रश्नांची उत्तरं तिथेच आहेत.

हार्पची तार थेट तबलीतून वर येते. तबलीच्या मध्यावर कठीण लाकडाची पट्टी असते. तिच्या भोकातून तार ओवायची आणि आतल्या बाजूला गाठ मारायची. दुसरं टोक वर मानेतल्या, म्हणजे वरच्या वाकड्या दांड्यातल्या, खुंटीला. तार तबलीशी कोन करून उभी असल्यामुळे तबलीला सतत वर ओढते. छेडली की ही ओढ भराभर कमी-जास्त होते आणि तबली थरथरते. नुसती तार फार बारीक, तिने हवा फारशी हलत नाही. ऐकू येतो तो तबलीचा आवाज. जुन्या हार्पच्या तबलीवरून तळहात फिरवा, मधोमध फुगवटा लागेल. तो या ओढीनेच आलेला असतो.

मैफलीच्या हार्पला 47 तारा असतात आणि सगळ्यांचा मिळून ताण टनाच्या आसपास जातो. मान खाली वाकू नये म्हणून पुढे खांब. पायाने दाबायच्या पेडलांनी स्वर बदलणाऱ्या हार्पमध्ये तो पोकळ असतो. सात पेडलांच्या सळया त्यातूनच मानेपर्यंत जातात. फ्रेंच वाद्यकार सेबास्तियँ एरारने 1810मध्ये पेटंट घेतलेल्या रचनेत प्रत्येक पेडलला तीन जागा आहेत, त्यामुळे तार दोनदा अर्ध्या-अर्ध्या स्वराने चढवता येते. काय डोकं चालवलंय! म्यानमारच्या सौंग या हार्पला मात्र खांबच नाही, सगळा ताण कमानदार मान पेलते.

लायरमध्ये पेटीतून दोन भुजा वर निघतात, त्यांवर आडवी दांडी. तारा दांडीवरून निघून तबलीला जवळपास समांतर येतात आणि घोडीवरून जाऊन खाली अडकतात. इथे तार घोडीवाटे तबलीला दाबते. तबली लाकडाचीच हवी असंही नाही. प्राचीन ग्रीक लायरमध्ये कासवाच्या कवचावर कातडं ताणलेलं असे. माझा जीव जडलाय तो इथिओपियाच्या बेगेना या लायरवर. तारा दहा, आणि घोडीवर तारांखाली चामड्याचे लहान तुकडे. तार त्यांना घासत थरथरते आणि जवारी लावलेल्या तानपुऱ्यासारखी भरीव गुणगुण उठते.

रंगांचं म्हणाल तर लाल तार पाश्चात्त्य 'सी' स्वराची, काळी किंवा निळी 'एफ'ची. बाकीच्या तारा वादक त्यांच्यावरून ओळखतो.