विजया मेहता यांच्या कारकिर्दीत दिग्दर्शन मोठे की अभिनय?

माझ्या मते दिग्दर्शन. परंतु त्यांच्या दिग्दर्शनाची जात अभिनयातूनच घडलेली असल्यामुळे ही दोन अंगे सहजासहजी वेगळी काढता येत नाहीत. १९३४ साली बडोद्यात जन्मलेल्या विजयाबाईंनी १९६० मध्ये विजय तेंडुलकर, अरविंद देशपांडे, श्रीराम लागू यांच्यासह मुंबईत 'रंगायन' ही प्रायोगिक नाट्यसंस्था उभी केली आणि चिं. त्र्यं. खानोलकरांचे 'एक शून्य बाजीराव' किंवा फ्रेंच नाटककार आयनेस्कोच्या एकांकिकेवरून केलेले 'खुर्च्या' यांसारखे प्रयोग मोजक्या प्रेक्षकांपुढे सादर केले. जर्मन नाटककार ब्रेख्तच्या नाटकावरून केलेले 'अजब न्याय वर्तुळाचा' हे त्यानंतरचे.

मात्र तुमच्या प्रश्नाचे खरे उत्तर जयवंत दळवींच्या 'बॅरिस्टर'मध्ये सापडते. व्यावसायिक रंगभूमीवरच्या या नाटकाचे दिग्दर्शन त्यांचेच, आणि त्यातली विधवा मावशीही त्यांनीच साकारली. घराण्यातल्या वेडाच्या सावटाखाली वावरणारा बॅरिस्टर (विक्रम गोखले) नाटकाच्या केंद्रस्थानी असताना, त्याच वाड्यात आयुष्य दडपून जगलेली ही बाई दुय्यम राहूनही लक्षात राहते. दिग्दर्शकाने स्वतःसाठी मध्यवर्ती जागा न राखणे ही गोष्ट (आपल्याकडे तशी दुर्मीळच) मला महत्त्वाची वाटते. याच नाटकावरून त्यांनी दिग्दर्शित केलेल्या 'रावसाहेब' या हिंदी चित्रपटातील मावशीसाठी त्यांना साहाय्यक अभिनेत्रीचा राष्ट्रीय पुरस्कार मिळाला. याखेरीज 'वाडा चिरेबंदी', 'पुरुष' ही नाटके आणि 'पेस्तनजी' हा चित्रपट त्यांनी दिग्दर्शित केला. या प्रवासाचा तपशील हवा असल्यास त्यांचे 'झिम्मा' हे आत्मचरित्र वाचावे.