जुन्या मालकाचे नाव अर्जात लिहावे की गाळावे?

यवतमाळ जिल्ह्यातील वणी, मारेगाव आणि झरी जामणी या पट्ट्यात कोळशाच्या वाहतुकीवर अनेक घरे चालतात, त्यामुळे माझ्याकडे समुपदेशनासाठी येणाऱ्यांत ट्रकचालक आणि त्यांच्या घरची माणसे बरीच असतात. त्यांच्या तोंडून एकच प्रश्न मी इतक्या वेळा ऐकला आहे की त्याचे उत्तर सविस्तर लिहिणे मला आवश्यक वाटते. चालकाच्या नोकरीचा अर्ज भरायचा असतो, त्यात आधीच्या सर्व मालकांची नावे आणि काम सोडण्याचे कारण विचारलेले असते, आणि त्यांतल्या एखाद्या मालकाने कामावरून काढलेले असते. ते नाव लिहावे की गाळावे?

या प्रश्नाचा खरा गाभा मला ज्याच्यामुळे कळला, त्याला येथे गजानन म्हणते. नाव आणि ओळख पटेल असे तपशील बदललेले आहेत. त्याला त्याची पत्नी घेऊन आली होती. त्याची झोप उडाली होती, अन्नावरची वासना गेली होती, आणि बुटीबोरीच्या एका कंपनीचा कोरा अर्ज घरात पडून होता.

“मॅडम, त्या शेठचं नाव लिवलं तर मले कोण ठेवीन?” तो म्हणाला. “पोट्टे म्हणतात, तेवढ्या दिवसाचं घरची शेती करत होतो म्हणून लिवून दे.”

घरच्या शेतीचा हा सल्ला आमच्या भागात सर्रास दिला जातो, कारण दोन-तीन एकर कोरडवाहू बहुतेकांकडे असते आणि ते कोणी तपासणार नाही असे वाटते. प्रत्यक्षात मालकाने भविष्यनिर्वाह निधी कापला असेल तर चालकाला यूएएन हा त्या निधीचा कायमचा क्रमांक मिळालेला असतो. मालक बदलला तरी तो क्रमांक बदलत नाही, आणि जुन्या आस्थापनेचे नाव व रुजू झाल्याची तारीख त्या खात्यावर दिसते. नवी कंपनी कामावर घेताना तोच क्रमांक मागते, म्हणजे शेतीची बतावणी पहिल्याच महिन्यात उघडी पडू शकते. हे मी गजाननला लगेच सांगितले नाही. भीतीने गप्प झालेल्या माणसाला आणखी मोठी भीती घालून खरे बोलायला लावणे म्हणजे मदत करणे, असे मी मानत नाही.

मी त्याला विचारले, “शेठनं काढलं, याचा तुमच्या मनात अर्थ काय होतो?”

“मी कामाचा ड्रायव्हर नाही, असाच ना.”

“असं शेठ म्हणाले?”

“नाही. पगारातून पैसे कापले अन् उद्यापासून येऊ नको म्हणे.”

“मग तुम्ही कामाचे नाही, असं कोण म्हणालं?”

तो पत्नीकडे पाहत राहिला. अल्बर्ट एलिस यांनी १९५५ च्या सुमारास मांडलेल्या विवेकनिष्ठ विचारपद्धतीवर माझी पूर्ण भिस्त आहे. घडलेली घटना माणसाला जेवढी छळते, त्याहून अधिक त्या घटनेविषयी त्याने करून घेतलेली समजूत छळते, हे त्या पद्धतीचे सार मी येथे वारंवार पडताळले आहे. शेठने एका रात्रीच्या नुकसानीबद्दल दिलेली शिक्षा गजाननने आपल्या साऱ्या चालकपणाचा निकाल म्हणून स्वीकारली होती. अर्जात त्याला शेठचे नाव लपवायचे आहे असे वरवर दिसत होते. लपवायचा होता तो हा निकाल.

पुढच्या भेटीत मी त्याला अर्ज घेऊन यायला सांगितले. ‘नोकरी सोडण्याचे कारण’ या शब्दांपुढे जेमतेम दोन ओळींची चौकट होती. “गजाननभाऊ, पोलीस पंचनाम्यात लिहितात तसं लिहा,” मी म्हटले. “काय झालं तेवढंच. चांगलं-वाईट काही नको.” त्याने दोनदा लिहून खोडले. पहिल्या मजकुरात ‘माझ्या बेफिकिरीमुळे’ होते, दुसऱ्यात ‘शेठने अन्याय केला’ होते. तिसऱ्यांदा त्याने लिहिले: ‘कोळसा डेपोत रात्री टिप्पर मागे घेताना वजनकाट्याच्या कठड्याला धडक. मागे पाहायला खलाशी नव्हता. कोणी जखमी नाही. नुकसान पगारातून कापून मालकाने कामावरून कमी केले.’

पेन खाली ठेवून त्याने ते स्वतःशीच पुन्हा वाचले आणि म्हणाला, “एवढंच तं झालं होतं.”

या वाक्यासाठी मी इतक्या भेटी थांबले होते, आणि ते त्याच्याच तोंडून आले याचे मला आजही समाधान आहे. कित्येक महिने छातीवर घेऊन फिरलेली गोष्ट दोन ओळींच्या चौकटीत मावते, हे त्याने स्वतःच्या अक्षरात पाहिले. मी त्याला ‘तुमची काही चूक नाही’ असे एकदाही म्हटले नव्हते, कारण ते खरे नव्हते आणि त्याने ते मानलेही नसते. खलाशी, म्हणजे गाडीवरचा मदतनीस, नसताना गाडी मागे घेणे ही चूक होती. त्या चुकीवरून तो कायमचा नालायक ठरत नव्हता.

म्हणून हा प्रश्न घेऊन येणाऱ्या प्रत्येकाला मी सांगते की अर्जात जेवढ्या काळाची माहिती विचारली आहे, त्यातले सर्व मालक लिहावेत. अमेरिकेत तर हा नियमच आहे: तेथे मोठ्या ट्रकच्या चालकाला अर्जात मागील तीन वर्षांतील सर्व मालक आणि त्याआधीच्या सात वर्षांत ज्यांच्याकडे अशी वाहने चालवली ते मालक, काम सोडण्याच्या कारणासह, द्यावे लागतात; जुन्या मालकाने कळवलेली माहिती चुकीची वाटल्यास चालकाला ती दुरुस्त करून मागण्याचा किंवा त्यासोबत आपले म्हणणे जोडण्याचा हक्कही तेथे आहे. या हक्कातला विचार मला फार मोलाचा वाटतो, कारण नाव गाळणारा माणूस आपली बाजू मांडण्याची संधीच घालवून बसतो. उद्या नव्या कंपनीने जुन्या शेठला फोन केला, तर तेथे फक्त शेठचेच म्हणणे ऐकले जाते.

आपल्याकडे अनेक मालक एका-दोन गाड्यांचे असतात, पगार रोखीने देतात आणि कागद देत नाहीत. अशा वेळी मालकाचे नाव, गाव, गाडीचा प्रकार आणि अंदाजे कालावधी लिहावा, व अनुभवपत्र मिळाले नाही हे स्पष्ट नमूद करावे. उचल बाकी असल्यामुळे फारकत झाली असेल तर तेही एका वाक्यात लिहावे, पण मालकाची निंदा करू नये. अपघाताचा गुन्हा दाखल असेल आणि अर्जात त्याबद्दल विचारले असेल, तर तो मुळीच दडवू नये. नोकरीच्या वेळी अशी माहिती दडवण्याच्या प्रश्नावर सर्वोच्च न्यायालयाने २०१६ मध्ये अवतार सिंग प्रकरणात निकाल दिला. माहिती खरीच असली पाहिजे, प्रकरण किरकोळ असल्यास ते विचारात घेता येते, मात्र खरे सांगितले म्हणून नेमणूक द्यावीच लागेल असे नाही, असे त्यात म्हटले आहे. खटला चालू असेल तर अर्ज भरण्याआधी वकिलाला दाखवावा.

खरे लिहिल्याने काही ठिकाणी नकार येतो, हे मी कोणापासून लपवत नाही. गजाननलाही बुटीबोरीहून बोलावणे आले नाही. आपण कामाचे नाही हा निकाल मात्र त्याने पुन्हा अंगाला लावून घेतला नाही, आणि तोच मजकूर लिहून त्याने चंद्रपूरकडच्या दुसऱ्या वाहतूकदाराकडे अर्ज केला. तेथील सुपरवायझरने त्याला धडकेबद्दल विचारले, त्याने मान वर करून सांगितले, आणि वाहन चालवण्याची चाचणी घेऊन त्यांनी त्याला ठेवून घेतले. मग एक अडचण निघाली: जुन्या शेठने भविष्यनिर्वाह निधीच्या नोंदीत नोकरी सोडल्याची तारीख भरलेलीच नव्हती. शेवटच्या वर्गणीला दोन महिने उलटले असतील तर सदस्याला ती तारीख पोर्टलवर स्वतः नोंदवता येते. गजाननने ती नोंदवली, आणि जुन्या खात्यातली रक्कम नव्या खात्यात वळती करून घेण्याचा अर्जही त्याने स्वतःच भरला.