ताट पडलं की दचकतं, मग बहिरं कसं?

नवजात बाळाची श्रवण चाचणी 'पुन्हा करा' अशी आली की बहुतेक घरांतून मला हाच प्रश्न येतो. सिन्नरकडच्या एका आजींनी तर पिशवीतला स्टीलचा डबा टेबलावर आपटूनच दाखवला. सुनेच्या मांडीवरचं दोन महिन्यांचं बाळ दचकलं. "बघा मॅडम! आणि ह्याचा बाप तरी कुठं तीन वर्षांपर्यंत बोलत होता?"

आजींचं चुकत नव्हतं, बाळ दचकलं होतंच. पण आपटण्याचा हादरा टेबलाला टेकलेल्या आईच्या मांडीपर्यंत जातो. शिवाय थोडंफार ऐकू येणाऱ्या बाळाला डबा ऐकू येतो, पण आईचं हळू बोलणं, त्यातले 'स', 'श' ऐकू येत नाहीत. भाषा शिकायची ती त्या बोलण्यातूनच. म्हणून घरच्या टाळ्या-थाळ्यांवर विसंबू नका.

जन्मानंतर एक-दोन दिवसांत कानात ओलसरपणा असला तरी पहिली चाचणी अडकते. तेवढ्यावरून कुणी बाळाला बहिरं ठरवत नाही. दुसरी मात्र टाळायची नसते, आणि इथे ती टळली होती. मग बेरा, म्हणजे कानाची नस आवाजाला कसा प्रतिसाद देते ते बघणारी तपासणी, केली. "करंट देणार का?" आजींचा जीव त्यातच अडकलेला. नाही. बाळाला पाजून झोपवायचं, कपाळावर नि कानामागे चिकटपट्ट्या लावायच्या, कानात आवाज सोडायचा आणि नसेकडून येणारा प्रतिसाद टिपायचा. टोचणं काही नाही.

दोन्ही कानांनी बरंच कमी ऐकू येत होतं. आजी लगेच सुनेकडे वळल्या. सून म्हणजे त्यांच्या सख्ख्या भावाची मुलगी. मी स्पष्ट सांगितलं, "आजी, असा दोष आनुवंशिक असला तर बहुतेकदा आई-बाप दोघांकडून येतो, दोघांनाही नीट ऐकू येत असलं तरी. एकट्या हिच्या माथी मारू नका." त्या गप्प झाल्या. सुनेला हे कुणीतरी सासूसमोर म्हणायला हवं होतं, असं मला आजही वाटतं.

महिन्याच्या आत चाचणी, तिसऱ्या महिन्यापर्यंत निदान, सहाव्यापर्यंत मदत सुरू, हा आमचा हिशेब. जिल्हा रुग्णालयातल्या शीघ्र हस्तक्षेप केंद्रात राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रमातून हे मोफत होतं. बाळाला पाचव्या महिन्यात ऐकू येण्याचं मशीन लागलं. हातवारे केले तर बोलणार नाही, ही भीतीही काढून टाकली. खुणांनी बोलणं अडत नाही, उलट बाळाला तोवर भाषा मिळते.

परवा आजींचा फोन आला: मशीन शिट्टी मारतंय, बिघडलं का? बिघडलं नाही. कान वाढलाय, मशीनचा कानात बसणारा साचा सैल झालाय. सोमवारी नवीन माप घ्यायला बोलावलंय.